पिंपामागची बाळंतीण

चिटगुप्पा,
भाद्रपद वद्य पक्ष, दुपारची भांडी झाल्यावर

तीर्थस्वरूप गुरुबाई अक्का यांच्या पायांवर (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता) धाकटी भावजय कलाबाई डोकं टेकवते.

इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे ज्यांना चालता येतं ते खुशाल आहेत. उदगीरकडे पाऊस कसा आहे? आमच्याकडच्या तुरी यंदा छातीला लागल्यात, पण शेंग धरल्याशिवाय मी कुणाला काही बोलत नाही. तुमचा गुडघा, तुमची झोप आणि तुमच्या सुनेचं पित्त कसं आहे ते कळवा. तुम्ही म्हणाल, घरात तीन-तीन फोन असताना हिला पत्र लिहायची हुक्की कुठून आली. तर अक्का, आमच्या घरात फोनची रेंज फक्त मधल्या खोलीच्या खिडकीत येते आणि त्याच खिडकीखाली तुमच्या भावाची खाट आहे. शिवाय तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, आणि मी इकडं बोललेलं तिकडं तुमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जातं. (मागं मी अंबिकेच्या वरणाबद्दल एक शब्द बोलले होते, तो तुमच्या भाजीवालीनं मला परत सांगितला. आपली सूनच ती, तिला काय वाटलं असेल!) म्हणून हे पत्र. ते मोठ्यानं वाचू नका.

तुम्ही परवा फोनवर जाहीर केलंत, की गुडघा राहो नाहीतर जावो, यंदा दसरा काढायला मी येणार आणि भगवान झोपतो त्या खोलीचा कोपरा न् कोपरा माझ्या हातानं झाडणार. अक्का, पदर पसरून सांगते, यंदा येऊ नका. निदान घट बसेपर्यंत तरी येऊ नका. रागावून पत्र खाली ठेवू नका, पुढं वाचा. तुमच्याशी असं बोलायची माझी हिंमत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणजे गोष्ट किती गळ्याशी आली असेल ते समजून घ्या.

आधी एक खरं सांगते. तुमच्या भावाचा पाय मोडला तेव्हा आम्ही तुम्हाला कळवलं, की न्हाणीत साबणावरून घसरले. न्हाणीत साबण होता हे खरं आहे, पण तुमचे भाऊ तिथं नव्हते. झालं असं की पंचमीच्या आधी तुमचा फोन आला. माहेरी यायचं म्हणालात, सगळ्यांची विचारपूस केलीत, आणि फोन ठेवता ठेवता भावाला म्हणालात, "काय रे भगवान, त्या ज्वारीच्या पिंपामागचं जळमट काढली का न्हाई तुझ्या बायकूनं? का माझं म्हायेर कोळ्याला देऊन टाकलाव?" झालं. ज्या माणसानं लग्नापासून आजवर केरसुणी कुठं ठेवतात हे विचारलं नव्हतं, त्यानं ते विचारलं. मी चुलीपाशी लाह्या भाजत होते, मला वाटलं पाल आली असेल. लाह्यांच्या तडतडीत मला धप्प असा आवाज आला आणि मागोमाग तुमच्या भावानं आईला हाक मारली. सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली, पण माणूस पडलं की हाक तिथंच जाते.

पुढचं त्यांच्याच तोंडून कळलं. केरसुणीचा शेंडा लागला तशी जाळ्यातली ती कोळीण पाय पोटाशी घेऊन टपकन खाली पडली आणि मेल्यागत पडून राहिली. खरंच मेली का हे बघायला हे स्टुलावरून वाकले, आणि तेही पडले. दोघं शेजारी शेजारी. थोड्या वेळानं तिनं एक पाय हलवला, मग दुसरा हलवला, आणि पडताना सोडलेला आपलाच धागा धरून सरसर वर निघून गेली. हे मात्र पडले ते पडलेच. घोट्याच्या वरचं हाड मोडलं होतं. बहिणीच्या बोलण्यावरून स्टुलावर चढलो हे तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. ती मी आज मोडत आहे. पाप लागलं तर अर्धं तुमच्या खात्यावर.

प्लास्टर घातलं, खाट मधल्या खोलीत आणली, आणि पाय उशीवर ठेवून त्यांना तिथं आडवं केलं. खाटेवरून दिसतं काय, तर ज्वारीचं पिंप आणि त्यामागचा तो कोपरा. पहिल्या आठवड्यात ते तिच्याकडं वैऱ्यासारखं बघायचे. "हिच्यापायी माझा पाय गेला," असं आल्यागेल्याला दाखवायचे. मी म्हटलं, काढून टाकते. तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. माझा पाय बरा हुंदे, मीच काढतो." म्हणजे दावा होता. दावा करायला रोज उठून एकमेकांचं तोंड बघावं लागतं, आणि अक्का, तिथंच घात झाला.

आता त्यांना त्या कोळिणीचं जेवढं ठाऊक आहे तेवढं माझं ठाऊक नाही. पोट अगदी तुरीच्या दाण्याएवढं आणि त्याच रंगाचं, पाय तांबूस. शेतात दोन झाडांमध्ये गोल चाकासारखं जाळं असतं ना, ते हिच्या जातीचं काम नव्हे. हिचं जाळं म्हणजे आमच्या लेकाचं, धनराजचं कपाट. कुठला धागा कुठून आला आणि कुठं गेला हे देवालाही सांगता यायचं नाही. त्या पसाऱ्यात ही दिवसभर उलटी लटकून राहते. पण तुमचे भाऊ म्हणतात पसारा वरवरचा आहे, कारस्थान खाली आहे. जाळ्यातून काही धागे सरळ जमिनीपर्यंत ताणून आणलेले असतात आणि त्यांच्या फक्त खालच्या टोकाला चिकट लावलेलं असतं. मुंगी चालत आली, धाग्याला पाय लागला, की तो धागा जमिनीपासून सुटतो आणि मुंगी उचलली जाऊन अधांतरी लटकते. विहिरीतून पोहरा वर यावा तशी ती मग मुंगीला वर ओढते आणि मागच्या पायांनी तिच्या अंगावर चिकट सूत फेकून तिचं गाठोडं करते. हे सगळं मला रोज जेवताना ऐकावं लागतं. हातातला घास हातात राहतो.

शेजारचे माणिकप्पा संध्याकाळी बसायला येतात, तुम्हाला आठवत असतील, कमलम्मांचे यजमान, तेच ते प्रत्येक गोष्टीला आधी घाबरून मग विचार करणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "भगवानराव, इषारी असतंय हे. अंगावरनं गेलं तर फोड येतंय. मारून टाका की!" तुमच्या भावानं त्यांना चहा न देता परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी माणिकप्पा मोबाईलवर तिचा फोटो काढून घेऊन गेले आणि तो कलबुर्गीला त्यांची पुतणी शैलश्री प्राणिशास्त्र शिकते तिला पाठवला. तिनं कळवलं, की काका, ही घरातलीच कोळीण आहे, माणसाच्या वाटेला जात नाही, डास-माश्या-मुंग्या खाते, आणि हिची जात माणसाच्या सामानसुमानातून जहाजात बसून देशोदेशी गेलेली आहे. म्हणजे जगात कुठंही जा, एखाद्या घराच्या कोपऱ्यात ही उलटी लटकलेली सापडेल. तिचं शास्त्रातलं नावही सांगितलं, पण ते मला आणि माणिकप्पांना मिळूनही उच्चारता आलं नाही. तुमच्या भावानं तिला 'बाई' असं नाव ठेवलंय. "बाईनं आज काय खाल्लं?" असं सकाळी उठल्या उठल्या विचारतात. आमच्या एवढ्या संसारात मी काय खाल्लं हे त्यांनी कधी विचारलेलं मला आठवत नाही.

मग एक दिवस बाईचे यजमान आले. तिच्या निम्म्याएवढेसुद्धा नसतील. बिचारा जाळ्याच्या कडेला येऊन थांबला आणि एका पायानं धागा हळूच वाजवू लागला. शैलश्री म्हणते, हिला डोळ्यांनी फारसं दिसत नाही, सगळं धाग्याच्या थरथरीवरून कळतं, म्हणून तो आधी वर्दी देतो, नाहीतर ती त्याला माशी समजायची. मी तुमच्या भावाला म्हटलं, बघा, शिका काहीतरी, तुम्ही दुकानातून चार पाहुणे घेऊन यायचात तेव्हा एकदा तरी वर्दी दिलीत का? त्यावर माणिकप्पांनी त्यांना सांगितलं, की असल्या जातीत कधी कधी नवऱ्यालाच खाऊन टाकतात. त्या दिवशी संध्याकाळी मी भाकरी वाढली तेव्हा तुमचे भाऊ "छान झाली आहे" असं म्हणाले.

घरात आता पंखा लावायचा नाही, जाळं हलतं. उदबत्ती लावायची नाही, धूर लागतो. डासांचं औषध मारायचं नाही. आणि अक्का, बाईला मुंग्या मिळाव्यात म्हणून हा माणूस खाटेवरून कोपऱ्यात साखर टाकतो. मुंग्या साखर खातात, उरलेल्या वेळात पिंपात शिरून माझी ज्वारी बघतात. या घरात तुमच्या आईच्या काळापासून धान्याला मुंगी लागलेली नव्हती.

हसू येत असेल तर हसून घ्या, कारण आता हसण्यासारखं नाही. प्लास्टर काढलं त्याला आठवडा होऊन गेला. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता रोज चाला, नाहीतर सांधा आखडेल आणि मग कायमचं काठीवर किंवा खाटेवर राहावं लागेल. अन् तुमचे भाऊ उठत नाहीत. न्हाणीपर्यंत धनराजच्या खांद्यावर जातात आणि परत येऊन आडवे होतात. चार पावलं टाका म्हटलं, की पाय थरथरायला लागतो. दुखत नाही म्हणतात. धीर गेलाय. दिवसातून चार वेळा दुकान-घर, घर-दुकान करणारा माणूस, सोलापूरच्या गाडीचा आवाज आला की कोण उतरलं ते बघायला चौकात जाणारा माणूस, आता खिडकीतून कोण चाललंय तेवढंच बघतो. मला भीती वाटते अक्का. मी धनराजला सांगितलं नाही, सुनेला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते.

अशात एका सकाळी त्यांनी मला मोठ्यानं हाक मारली. मला वाटलं उठले. उठले नव्हते. बाईनं जाळ्यात एक पिवळट पांढरी, मऊ सुताची गोळी करून टांगली होती, उजेडात धरलं तर आतली अंडी दिसावीत इतकी विरळ, आणि स्वतः तिला बिलगून बसली होती. ते म्हणाले, "कला, बाळंतीण हाय. आता हालवायचं न्हाई." मी चिडून म्हटलं, बाळंतिणीलासुद्धा बाराव्या दिवशी उठवतात, तुम्ही कधी उठणार? तर तिच्याकडं बोट करून म्हणाले, "पिल्लं बाहेर पडू दे. मग उठतो. आईची आन." तुमच्या आईची शपथ त्यांनी आजवर एकदाच घेतली होती, विडी सोडताना, आणि विडी सुटली ती सुटलीच.

आता कळलं ना मी का घाबरले? शैलश्रीच्या हिशेबानं पिल्लं बाहेर यायची ती नेमकी घट बसायच्या आगेमागे. त्याच्या आत दसरा काढून झाला पाहिजे. घट बसताना घरात जळमट असलेलं देवीला चालत नाही, हे तुम्हीच मला नवी नवरी असताना शिकवलंत, आणि मी एकदाही मोडलेलं नाही. आणि तुम्ही यायच्या. तुमच्या केरसुणीपुढं सुताची ती गोळी काय टिकणार? ती गेली तर त्यांची शपथ गेली, आणि शपथ गेली तर त्यांना मी कशाच्या जोरावर उठवू?

काल अंबिका दसरा काढायचा म्हणून गोधड्यांचा ढीग मशीनला लावत होती. एक घालायची, एक काढायची. मशीन भिंतीला धक्के देत होतं. मी तिथं उभी राहिले आणि मला आपला ओढा आठवला. बैलगाडीत गोधड्या, वाकळा, घोंगड्या, धान्याच्या गोण्या, वर पितळेची घागर, आणि सगळ्यांच्या वर तुम्ही. तुम्ही पाण्यात उभ्या राहून वाकळ पिळायच्या तेव्हा दुसऱ्या टोकाला दोघी लागायच्या, कमलम्मा आणि मी, तरी आम्हीच ओढल्या जायचो. कमलम्मा कन्नडमध्ये ओरडायची, तुम्ही मराठीत शिव्या द्यायच्या, आणि दुपारी सगळ्यांची भाकरी एकाच फडक्यात. शेंगाची चटणी, कांदा, आणि कुणीतरी आणलेलं दही. खडकांवर गोधड्या वाळत पडलेल्या असायच्या आणि आपण त्यांच्याच सावलीला. घरी आल्यावर घर रिकामं, आवाज घुमायचा, चुन्याचा वास. मग तुम्ही लांब कळकाला केरसुणी बांधून एकेक कोपरा काढायच्या आणि मी खाली सूप धरून उभी. तुमचा हात पोचायचा तिथं माझी नजरसुद्धा पोचायची नाही. शेवटी पदराच्या टोकानं चौकट पुसून तुम्ही बोट माझ्यापुढं धरायच्या, की बघ, आहे का धूळ? मला तेव्हा तुमचा इतका राग यायचा, आणि आता वाटतं, ते बोट पुन्हा कुणीतरी पुढं धरावं. ओढ्याला आता गटाराचं पाणी आहे, अक्का. गोधडी धुवायची तर नळालाच धुवावी लागते.

शैलश्री म्हणते, ही कोळीण एका जागी खायला मिळेना की जाळं सोडून बाजूला नवं करते, आणि सोडलेल्या जाळ्यावर धूळ बसली की त्यालाच आपण जळमट म्हणतो. म्हणजे इतकी वर्षं आपण दोघींनी जी झाडली ती बरीचशी रिकामी घरं होती. राहणारी आधीच निघून गेलेली असायची. हे ऐकल्यावर मला उगीच तुम्ही सासरी गेल्यानंतरची तुमची खोली आठवली.

आणखी एक. तुमचे भाऊ पडल्या पडल्या सांगत होते, की तुम्ही दहा-अकरा वर्षांच्या असताना कडब्याच्या खोलीपाशी विळा लागून तुमच्या पायाचा अंगठा कापला होता. रक्त थांबेना. सासूबाई म्हणाल्या, पळ, जाळं आण. तेव्हा हे चड्डी सावरत पळाले आणि कडब्यामागून मूठभर कोळिष्टकं घेऊन आले, ती हळदीबरोबर दाबून बांधली, तेव्हा रक्त थांबलं. ते म्हणतात, "अक्काच्या अंगठ्यावर हिच्या आजी-पणजीचं सूत हाय. अन् ती निघाली केरसुणी घेऊन." अंगठ्यावरची खूण अजून असेल तर बघा, आणि मग काय तो निर्णय घ्या.

तर अक्का, एवढंच मागणं. यंदा तेवढा एक कोपरा राहू द्या. देवीची समजूत मी काढते, तिलाही लेकरं आहेत. तुम्ही मात्र पिल्लं बाहेर पडल्याचं मी कळवेपर्यंत उदगीरलाच राहा. घरात थोरांना दंडवत, लहानांच्या पाठीवरून हात, आणि तुमच्या सुनेला म्हणावं लिंबू सोड म्हणजे पित्त जाईल.

तुमच्या शब्दाबाहेर आजवर न गेलेली आणि आज गेलेली,
कलाबाई

ता. क. हे पत्र टाकायला धनराजकडे दिलं होतं. ते आज मोटारसायकलच्या डिकीत ट्यूबच्या खाली सापडलं. एका अर्थी बरं झालं, कारण मधे बरंच घडलं. अंबिकेनं सगळं घर काढलं, फक्त त्या कोपऱ्यापुढं मी माझ्या जुन्या इरकली लुगड्याचं धुडतं पडद्यासारखं लावलं आणि देवीला सांगितलं, आत बाळंतीण आहे, डोकावू नकोस. आणि पिल्लं बाहेर पडली. राजगिऱ्यापेक्षा बारीक. दोन-तीन दिवस आईजवळ घोळका करून राहिली. मग एकेक जण वर चढायचं, शेपटाकडून एक धागा वाऱ्यावर सोडायचं, आणि धागा नेईल तिकडं जायचं. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात ते धागे दिसायचे आणि नाहीसे व्हायचे. आपण दोघी अशाच एका घरातून सुटून दुसऱ्या घरात लागलो, अक्का. आपल्याला निदान कुणी पोचवायला आलं होतं.

ता. क. २. मुख्य सांगायचं राहिलंच. पिल्लं पांगायला लागली तेव्हा घरात कुणी नव्हतं. मी परसात मिरच्या वाळवत होते. "बघ गं, तिकडं एक गेलं," अशा हाका ऐकू आल्या, मी ओ दिली नाही. मग हाका बंद झाल्या. मी आत आले तर खाट रिकामी. तुमचे भाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, एक हात भिंतीला, एका हातात काठी, आणि मला बघून म्हणाले, "फोडणी टाकू नको आत्ता. मांडणीच्या कोपऱ्यात एक बसलंय." मी तिथंच रडले. आणि रडता रडता माझ्या तोंडून निघालं, अहो, तुम्ही चाललात की! तेव्हा त्यांनी खाली आपल्या पायाकडं बघितलं. पाय थरथरायला लागला. तिथंच मटकन खुर्चीवर बसले, आणि म्हणाले, "मी चालायलो न्हाई. बघायलोय." धनराज येईपर्यंत उठले नाहीत. मी आपल्या जिभेला चिमटा काढला. तेव्हापासून चालण्याचं नाव कुणी काढत नाही. कुठं पिल्लू दिसलं असं सांगितलं की उठतात, तिथवर जातात, बघतात, आणि येतात. शपथेप्रमाणं चालणं वगैरे काही नाही. नुसतं बघणं.

ता. क. ३. पण अक्का, पिल्लं आता दिसेनाशी झालीत. काही खिडकीतून गेली, काही कुठल्या फटीत बसली असतील. कालपासून ते पुन्हा आडवे आहेत. म्हणून वरचं सगळं पत्र खोडलं असं समजा आणि मिळेल त्या गाडीनं या. येताना ती कळकाची लांब केरसुणी आणा. घरात पाऊल टाकताच बाहेरच्या ओसरीच्या कोपऱ्याकडं बघून मोठ्यानं ओरडा, "काय हे जळमट! काढते आत्ता!" बघा, तुमचे भाऊ ओसरीपर्यंत येतात की नाही. दुसऱ्या दिवशी अंगणातल्या गोठ्याकडं निघा. मग माणिकप्पांच्या पडवीत (त्यांना मी सांगून ठेवलंय, ते आधी घाबरले, मग हो म्हणाले). मग चौकातून दुकानापर्यंत. दुकानात कोपरे पुष्कळ आहेत. मात्र ते चाललेत असं चुकूनही म्हणू नका. आणि मधल्या खोलीत पिंपामागं जाऊ नका, बाईनं तिथं दुसरी गोळी टांगली आहे.

तुमच्या गुडघ्याचं म्हणाल तर तुमची सून परवा अंबिकेला सांगत होती, की तुम्ही येते येते म्हणता, पण खुर्चीवरून उठून फाटकापर्यंतसुद्धा जात नाही, पाय थरथरतो म्हणता. हे मला ठाऊक नाही असंच समजा. तुम्ही केरसुणी घेऊन पुढं व्हा, ते काठी घेऊन तुमच्या मागं येतील. मी तुमच्या दोघांच्या मागून सूप धरून चालते, पूर्वीसारखी, आणि दोघांनाही काही बोलत नाही.